डोकं नसलेलं कबूतर

विद्यापीठाने माझ्या गुणपत्रिकेवर जो शेरा मारला आहे तो धादांत खोटा आहे, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. पुढचं सगळं ऐकूनही कुणाला तो खरा वाटला तर वाटो बापडा. माझ्या नवऱ्याला थोडासा वाटतो.

मुलं आपापल्या वाटेला लागल्यावर, ज्या वयात बायका एकमेकींना गुडघ्यांची खबरबात विचारतात त्या वयात, मी फॅशनसाठी कापडाचं डिझाइन शिकायला विद्यापीठात नाव घातलं. का घातलं, असं ज्यांनी विचारलं त्यांना मी 'वेळ जात नाही' असं सांगितलं. हे उत्तर बायकांनी दिलं की लोकांचं लगेच समाधान होतं. खरं कारण कापडाच्या किनारीवर आहे. दुकानातल्या थानाची कड कधी निरखून बघा. चांगल्या छापील कापडाच्या कडेला बारीक अक्षरात डिझाइन करणाऱ्याचं नाव असतं. शिंप्याची कात्री पहिल्यांदा त्याच्यावरच चालते हे खरं, पण छापलेलं असतं. मुलांचे फ्रॉक आणि सदरे शिवता शिवता मी ती नावं वाचत आले होते. आमच्या दारावरच्या पाटीवर नवऱ्याचं नाव आहे, विजेच्या बिलावर त्याचंच आहे, आणि पोस्टमनही त्यालाच हाक मारतो. माझं नाव कुठेतरी एकदा छापून यावं असं मला वाटलं, आणि त्यासाठी मला कापडाची कड पुरेशी होती.

वर्गातली मुलं मला काकू म्हणायची. त्याबद्दल माझी तक्रार नाही, चेहरा लपवता येत नाही. पण आमचे सरही मला काकूच म्हणायचे. सर म्हणजे बाराही महिने गळ्यात मफलर घालणारे गृहस्थ. मुलं पाठीमागे त्यांना मफलर सर म्हणत, मीही तेच म्हणते. ते बोलायला लागले की मुलं भराभरा लिहून घेत. मीही घ्यायची. घरी येऊन वाचलं की लक्षात यायचं, वाक्याच्या शेवटी क्रियापद आहे पण मधे काही सापडत नाही.

शेवटच्या परीक्षेला स्वतःचं छापील कापड करायचं, त्याचा पोशाख शिवायचा आणि तो कुणाच्या तरी अंगावर घालून परीक्षकांसमोर चालवायचा, असा नियम होता. मी कबुतरं काढली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायच्या तारा आहेत आणि त्यांवर कबुतरांची सभा भरलेली असते. आयुष्यभर त्यांना हाकललं, आता म्हटलं, बसा. तारा, चिमटे आणि कबुतरं. कुणी मान वळवलेली, कुणी पंखात चोच खुपसलेली, दोघं एकमेकांशी अबोला धरून बसलेली. मला ती फार आवडली होती, अजून आवडतात.

"काकू, हे फार घरगुती होतंय हो," मफलर सर म्हणाले.

'घरगुती' असं औषधाबद्दल म्हटलं तर लोक डोळे मिटून घेतात. माझ्या कबुतरांबद्दल म्हणताना मात्र सरांनी जिभेवर केस आल्यासारखं तोंड केलं होतं. पण चित्राला त्यांनी परवानगी दिली, कारण त्यांना चहाला जायचं होतं.

इथे मला थोडं शिकवायला लागणार आहे, त्याला इलाज नाही. कापडावर नक्षी छापायची म्हणजे अख्खं कापड कुणी चितारत बसत नाही. एक तुकडा काढायचा आणि तोच पुन्हा पुन्हा, एकाखाली एक, छापत जायचा. याला रिपीट म्हणतात. सांधा दिसू नये म्हणून एखादं चित्र मुद्दाम कडेवर आणतात. त्याचा एक भाग तुकड्याच्या वरच्या टोकाला येतो आणि उरलेला भाग खालच्या टोकाला. छापताना तुकडे जुळले की चित्र पूर्ण होतं. माझं एक कबूतर असं कडेवर बसलं होतं. त्याचं धड वरच्या कडेला होतं आणि डोकं सगळ्यात खाली, एकटंच. ज्याला हे माहीत आहे त्याला त्यात काही वावगं दिसणार नाही. ज्याला माहीत नाही, असा एक इसम आमच्या वरच्या मजल्यावर राहतो.

आधी विद्यापीठाचं सांगते. विभागात छपाईचं लांबलचक टेबल आहे. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटोही आहे. प्रत्यक्षात त्याच्यावर पदवीदान समारंभाच्या खुर्च्या रचलेल्या होत्या. त्या कुणी हलवायच्या, असं मी विचारलं. विभाग म्हणाला, खुर्च्या समारंभ समितीच्या आहेत. समिती म्हणाली, खोली विभागाची आहे. समारंभ समितीच्या बाई वर मला म्हणाल्या, "अहो, पदवी घ्यायला बसणार कशावर तुम्ही?" त्या खुर्च्या हलल्याशिवाय पदवी मिळायची नव्हती आणि पदवीदान झाल्याशिवाय खुर्च्या हलायच्या नव्हत्या. शेवटी मफलर सर म्हणाले, "काकू, घरी जेवायचं टेबल असेल ना? मग झालं तर!"

जेवायचं टेबल होतं. नवरा तसा भला माणूस आहे. त्याने फक्त "मग आपण जेवायचं कुठे?" एवढंच विचारलं, आणि पुढचे सगळे दिवस ओट्याशी उभा राहून जेवताना रोज एकदा विचारत राहिला.

ज्या जाळीतून रंग कापडावर उतरतो ती ताणून बसवायला लाकडी चौकट हवी होती. ही बातमी नवऱ्याने जिन्यात सांगितली आणि वरचे भाऊजी खाली आले. भाऊजी पुलांच्या खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांनी बांधलेले सगळे पूल अजून उभे आहेत असं ते सांगतात, फक्त कुठे ते सांगत नाहीत. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे मोजपट्टी आहे आणि मोजायला काही नाही. आमचा नळ, आमचं कुलूप आणि मधल्या काळात माझा रक्तदाबही त्यांनीच हाताळलेला आहे.

"वहिनी, तुम्ही फक्त माप सांगा," ते म्हणाले. "चौकट माझ्यावर सोडा."

मी माप सांगितलं. त्यांनी सुताराला ते सांगितलं आणि सुताराने बरोबर त्याच मापाची चौकट करून दिली. म्हणजे बाहेरून बाहेर. आतली जागा लाकडाच्या जाडीएवढी कमी भरली. जाळीवर उतरवायचं माझं चित्र पारदर्शक फिल्मवर छापून तयार होतं, ते आत बसेना.

"फिल्मच मोठी काढलीय तुम्ही," भाऊजी म्हणाले.

मी म्हटलं, चौकट दुसरी करू. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. दारात कुरियरवाला होता, नवऱ्याच्या नावाचं पाकीट घेऊन, आणि सही त्यांचीच पाहिजे म्हणून अडून बसला होता. मी त्याच्याशी हुज्जत घालून परत येईपर्यंत भाऊजींनी माझी मोठी कात्री घेऊन फिल्मची एक उभी आणि एक आडवी कड सफाईदार उडवली होती. आता ती चौकटीत अगदी चपखल बसत होती.

"कडेला काय असतं वहिनी? मार्जिन!" ते म्हणाले. "आणि खाली ते एक डोकं चुकून आलं होतं बघा. नुसतंच. तेही काढून टाकलं."

उभ्या कडेवर माझं नाव होतं.

मी ओरडले का, असं सगळे विचारतात. नाही ओरडले. आपल्याकडे मदतीला आलेल्या माणसावर ओरडता येत नाही, त्याला चहा करून द्यावा लागतो. मी चहा ठेवला आणि कापलेल्या पट्ट्या शोधायला लागले. भाऊजी नीटनेटके असल्यामुळे त्यांनी त्या बारीक करून केरात टाकल्या होत्या. नवी फिल्म काढून देणारा दुकानदार लग्नाला गेला होता आणि परीक्षा तोंडावर आली होती. नवरा म्हणाला, "अगं, एवढ्या कबुतरांत एकाचं डोकं कोण बघतंय?" बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं ते वाक्य मला खरं वाटलं.

पुढचे हाल सगळे सांगत नाही. जाळीला लावायचं औषध अंधारात वाळवावं लागतं, म्हणून ती न्हाणीघरात ठेवली. नवऱ्याने सवयीने दिवा लावून आंघोळ केली आणि पहिली जाळी वाया गेली. दुसऱ्या वेळेला मी दाराबाहेर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले, तेव्हा तो शेजाऱ्यांकडे आंघोळीला गेला आणि आमची अब्रूही गेली. टेबलावर राखाडी रंग सांडला. तो नवऱ्याच्या ऑफिसच्या पँटला लागला, पँटवरून खुर्चीला, खुर्चीवरून भेटायला आलेल्या नणंदेला. ती म्हणाली, "वहिनी, या वयात काय हे?" डाग निघाला, वाक्य राहिलं.

छापलेलं कापड मी वाळायला घातलं त्याच तारांवर, जिथून कबुतरं आली होती. मी खाली उभी राहून बघत होते. वाऱ्याने ते पसरलं आणि मला क्षणभर खरंच भरून आलं. इतक्यात वरच्या गच्चीतून खणखणीत आवाज आला.

"वहिनी! यातल्या एका कबुतराला डोकं नाही हो!"

परीक्षेला वर्गातली एक उंच मुलगी माझा पोशाख घालून चालली. बिचारी चांगली चालली. पण शिवताना मी कितीही फिरवाफिरव केली तरी ते मुंडकं उडालेलं कबूतर नेमकं तिच्या छातीवर आलं होतं, आणखी एक पाठीवर. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा सरसावून पुढे झुकले.

"रिपीट चुकलंय," मफलर सर त्यांना म्हणाले. "ही पहिल्या वर्षाची चूक आहे. मी यांना वारंवार सांगितलं होतं."

"सर, ते माझ्याकडून नाही झालं," मी म्हटलं. "ते भाऊजींनी कापलं."

त्या दालनात भाऊजी हा शब्द त्याआधी कुणी उच्चारला नसावा. मुलं हसली. परीक्षकांनी विचारलं, "भाऊजी कोण?" मी सांगायला लागले. चौकट, सुतार, कुरियरवाला. सांगताना मलाच कळत होतं की मी रडवेली झाले आहे आणि माझं ऐकून घेण्यात कुणाला रस नाही. सरांनी मफलर सारखा केला आणि पुढच्या मुलीला बोलावलं. मी नापास झाले. दुरुस्त करून पुढच्या परीक्षेला पुन्हा आणा, असं सांगण्यात आलं. कापड आणि ती कापलेली फिल्म सरांनी विभागाच्या संग्रहासाठी ठेवून घेतली. नापासाचं कुणी कशाला संग्रही ठेवेल, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. मला वाटलं, दयेने ठेवत असतील.

मी पुन्हा कामाला लागले. नवी फिल्म काढली, डोक्यासकट आणि नावासकट. नवी चौकट मी स्वतः उभी राहून करून घेतली. भाऊजी आले की मी फिल्म गादीखाली सरकवायची आणि वर बसायची. तब्येत विचारून ते निघून जायचे. या खेपेचं कापड, स्वतःचंच म्हणून सांगत नाही, सुरेख उतरलं. सांधा कुठे आहे ते मलाच शोधावं लागलं. आणि किनारीवर, ओळीने, मुंग्यांएवढ्या अक्षरात मी होते. ती किनार मी नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, "छान. पण वाचता येत नाही."

परीक्षा आठवड्यावर आली असताना तो ऑफिसातून एक भलंमोठं पुडकं घेऊन आला. फार खुशीत होता.

"डोळे मीट," तो म्हणाला.

मी मिटले. उघडले तेव्हा आमच्या पलंगावर नवीकोरी चादर पसरलेली होती आणि चादरीवर तारा, चिमटे आणि कबुतरं. कुणी मान वळवलेली, कुणी पंखात चोच खुपसलेली. अबोला धरलेली दोघं तशीच बसली होती. उशीच्या थोडं खाली डोकं नसलेलं कबूतर होतं. त्याच्याखाली हातभर अंतरावर पुन्हा तेच.

"सेलमध्ये होती. बघितली आणि तुझीच आठवण आली," नवरा म्हणाला. "तुझ्यासारखीच आहेत की नाही कबुतरं? पण याचं फिनिशिंग बघ, फिनिशिंग!"

पुडक्यावर मफलर सरांचा मफलरसकट फोटो होता आणि खाली 'विशेष कलाकृती' असं लिहिलं होतं. मी चादरीची कड हातात घेतली. बारीक अक्षरात सरांचं नाव होतं. वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मला सगळीकडे तीच दिसायला लागली. समोरच्या इमारतीच्या कठड्यावर, धोब्याच्या गाठोड्यात, दवाखान्यात तपासायच्या टेबलावर. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं हे शाळेत पाठ केलं होतं, पण पीठ गावभर वाळत घातलेलं पहिल्यांदाच बघत होते. सबंध वस्तीत ते डिझाइन माझं आहे हे एकाच माणसाने ओळखलं. तो धावत जिना उतरून आला.

"वहिनी, हे तर माझं कबूतर!" भाऊजी म्हणाले. "हा काप माझा आहे. लाखात ओळखेन. चला, मी साक्ष देतो."

दुसरा साक्षीदार नव्हता. मी त्यांना घेऊन विद्यापीठात गेले. कार्यालयातल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, विद्यार्थी पास झाला की त्याचं काम विद्यापीठाचं होतं," ते म्हणाले.

"पण मी तर नापास झाले."

"मग ते काम धरलंच जात नाही. जे नाही ते कुणी घेतलं असं कसं म्हणणार तुम्ही?"

मी मफलर सरांकडे गेले. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला. ओशाळले वगैरे अजिबात नाहीत.

"काकू, तुम्ही त्या कबुतराला डोकं काढायचं विसरलात. ती चूक होती," ते म्हणाले. "मी ते काढलं नाही. तो निर्णय आहे. आजचा माणूस गर्दीत बसलाय, तारेवर बसलाय, आणि त्याचं डोकं... समजतंय ना?"

"विसरले नव्हते सर. कापलं गेलं होतं."

"वा!" भाऊजी म्हणाले. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. ते खुर्चीच्या टोकावर आले होते. "सर, काय बोललात! तारेवर बसलाय! खरं सांगू, ते कापताना माझ्या मनात अगदी हेच होतं."

सरांनी उठून त्यांचा हात हातात घेतला. "म्हणजे ते आपण?"

पुढचा वेळ ते दोघं बोलत होते. मी चहा प्यायले. निघताना सरांनी भाऊजींना सही केलेली एक चादर भेट दिली. परतीच्या बसमध्ये ती तान्ह्या मुलासारखी मांडीवर घेऊन ते मला म्हणाले, "माणूस मोठा आहे, वहिनी. तुम्ही उगाच गैरसमज करून घेतलात." मला त्या बसमधून उडी मारावीशी वाटली. आमचा थांबा आल्यावर मी नीट उतरले.

तरी मी परीक्षेला गेले. वेड्या माणसाला आशा असते तशी मलाही होती. सरांचा कुठेतरी सत्कार होता, ते नव्हते. म्हटलं, बरं झालं. परीक्षक नवीन होत्या, माझ्याच वयाच्या बाई. त्यांनी कापड हातात घेतलं, उजेडात धरलं, सांधा शोधला. त्यांना तो सापडला नाही. माझ्या जिवात जीव आला.

"सफाई आहे," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "पण बाई, ही चादर आमच्या घरी आहे."

"मॅडम, ती माझी आहे."

"आमच्याकडेही तेच चालतं, सासूबाई म्हणतात माझी, मी म्हणते माझी," त्या म्हणाल्या. बाकीचे हसले. मग त्यांचा आवाज बदलला. "मूळ डिझाइनमध्ये या कबुतराला डोकं नाही. तोच तर त्याचा प्राण आहे. तुम्ही वर एक डोकं चिकटवलंत म्हणून उचलेगिरी लपते का?"

मी काही बोलायच्या आत त्यांची नजर किनारीवर गेली. त्यांनी चष्मा काढून ती जवळ धरली आणि माझं नाव मोठ्याने वाचलं, एकेक अक्षर सुटं करून. ते असं कुणीतरी वाचावं म्हणून मी एवढी वर्षं थांबले होते.

"कमाल आहे," त्या शेजारच्यांना म्हणाल्या. "वर स्वतःचं नावही छापलंय!"

गुणपत्रिकेवर शेरा आला आहे, 'नक्कल'. भाऊजी भेटले की म्हणतात, "वहिनी, डोकं लावायला नको होतं तुम्ही. तिथे फसलात." मी मान हलवते.

परवा दुपारी मी पलंगावरची चादर काढून मांडीवर घेतली, राखाडी दोरा ओवला आणि पहिल्या कबुतराला डोकं भरायला बसले. मान झाली, चोच झाली, डोळ्याचा टाका राहिला होता. तेवढ्यात नवरा आला आणि दारातच थबकला. त्याने घाईघाईने येऊन माझा हात धरला, अगदी काळजीने.

"अगं, खराब कशाला करतेस?" तो म्हणाला. "ओरिजिनल आहे ती."